खंडेनवमीची वीस मिनिटं

नवरात्राची सहावी-सातवी माळ झाली की मुलुंड स्टेशनबाहेर झेंडूचे ढीग लागतात आणि माझं डोकं दुखायला लागतं. शेजारच्या वहिनींना मी सांगते, वासाने दुखतं. त्या बिचाऱ्या बामची डबी घेऊन येतात. पाऊस सरलेला असतो, हवा कोरडी व्हायला लागलेली असते, म्हणून याच दिवसांत सगळ्या गल्लीला रंगकामाची हुक्की येते. कोणी ग्रिलला हात मारून घेतं, कोणी दुकानाच्या शटरला. दुपारी बारा-एकच्या उन्हात, पंखा नुसता गरम वारा फेकत असताना, खिडकीतून झेंडू आणि थिनर असे दोन वास एकदमच आत येतात. मी खिडकी लावते. मग उकडून जीव जातो, म्हणून पुन्हा उघडते. ऑक्टोबरभर माझा हाच उद्योग.

एवढे ऑक्टोबर पाहिले, पण मला त्यातला एकच दिसतो, तीन वर्षांपूर्वीचा. बाकीचे सगळे त्याच्या आधीचे नाहीतर नंतरचे.

नंदू माझा धाकटा भाऊ. माझ्याहून सहा वर्षांनी लहान. भांडुपच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागला आणि कारखाना बंद झाला तेव्हा टूलरूमचा मुख्य होता. मी मराठी शाळेत गणित शिकवायचे. ती शाळाही नंतर बंद झाली. आईबाबा गेल्यावर तळमजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच उरलो. त्याचं लग्न जमलं नाही, माझं मी जमू दिलं नाही. भांडायला दोघांना एकमेकांशिवाय कोणी नव्हतं, त्यामुळे ते काम आम्ही मन लावून केलं.

कारखान्याच्या आवारात एका वडाखाली मालकांच्या वडिलांची विलायती गाडी वर्षानुवर्षं पडून होती. दोन दरवाजे, दोनच सीटा, वर छप्पर नाही आणि पुढे हे एवढं लांब नाक. तरुणपणी ते म्हातारे गृहस्थ ती घेऊन शर्यतीत उतरायचे म्हणे. कारखाना बंद करताना मालक जाणाऱ्यांना आठवण म्हणून काहीबाही देत होते. कोणी टेबल मागितलं, कोणी घड्याळ. नंदूने गाडी मागितली. टेम्पोवर दोरखंडाने बांधून ती आमच्या दारात आली तेव्हा तिच्या आत पिंपळाचं एक रोपटं उगवलेलं होतं.

"हे काय आणलंस?" मी विचारलं.

"गाडी."

"गाडी कुठाय? हा सांगाडा आहे."

"सांगाडा शाबूत आहे ना, बस्स! बाकी सगळं बनवता येतं गं."

बिल्डिंगच्या मागे, आमच्या मोरीच्या भिंतीला टेकून, एक पत्र्याची शेड होती. बाबांच्या काळापासून ती आमच्याच वापरात. सोसायटीच्या सेक्रेटरींनी खूप कुरकुर केली, पण नंदूने त्यांचा पाण्याचा पंप दोनदा फुकट दुरुस्त करून दिला आणि त्यांची कुरकुर पंपाबरोबर खाली बसली. पुढची चार वर्षं ती गाडी शेडमध्ये होती असं नुसतं म्हणायचं. खरं तर ती आमच्या घरातच राहत होती. माझ्या डोशाच्या पिठाच्या पातेल्यात कार्बुरेटरचे भाग रॉकेल पीत पडायचे. देवघराच्या खालच्या कप्प्यात पिस्टन. फ्रीजवर हेडलाइटची काच. पोह्यांना रॉकेलचा वास येतो म्हणून मी ताटावरून उठले की तो शांतपणे माझेही पोहे संपवायचा. सीटांचं रेक्झिन मी शिवलं, आईच्या पायमशीनवर. अकरा सुया मोडल्या. प्रत्येक सुईला मी त्याचा उद्धार केला आणि प्रत्येक वेळी तो म्हणाला, "ताई, टीप मस्त सरळ आलीय हां."

एक गोष्ट मात्र त्या गाडीने आल्या आल्याच आम्हाला दिली. नंदूकडचे चांगले चकचकीत पाने तिच्या नटांना बसेनात. एक सैल, तर पुढचा जातच नाही. विलायती जुनं माप, आता बाजारात पाने मिळत नाहीत असं सगळ्यांनी सांगितलं. तेव्हा त्याला माळ्यावरची ट्रंक आठवली. बाबा परळच्या गिरणीत फिटर होते; गिरणीतली यंत्रंही विलायतेतूनच आलेली, त्यांचेही नट त्याच मापाचे. गिरणी सुटली आणि बाबांचे पाने ट्रंकेत गेले. नंदूने त्यातला एक काढून चाकाजवळच्या नटावर ठेवला. तो असा बसला की बोटाने हलवूनही हलेना. नंदू तिथेच शेडच्या फरशीवर बसला. "बाबांच्याच हत्यारांनी होणार बघ हे काम," म्हणाला. डोळे पुसताना त्याने तोंडाला ग्रीस फासून घेतलं. मी हसले. मलाही रडू येत होतं, म्हणून जरा जास्तच हसले.

त्याला काय हवं होतं ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, कारण तो तेच तेच सांगायचा. गाडी स्वतः चालवत फाटकातून बाहेर काढायची, हायवे ओलांडायचा, ऐरोलीच्या पुलावर जायचं, खाडीवरचा वारा खायचा आणि परत यायचं. एकदा. त्याच्यापुढे त्याचं काही मागणं नव्हतं. मी शेजारच्या सीटवर बसायचं, डोक्याला रुमाल बांधून, अशी त्याची अट होती. "आणि तोंड बंद ठेवायचं, ऐरोली येईपर्यंत," ही दुसरी.

आजारपणाच्या आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात आम्ही तिला रंग दिला. पावसाळ्यात दिला की रंगावर पांढरट छटा धरते, म्हणून नंदू हवा सुकायची वाट पाहत होता. शेडला चारही बाजूंनी माझ्या जुन्या साड्या ओल्या करून लावल्या, धूळ आत येऊ नये म्हणून. बाटलीच्या काचेसारखा गडद हिरवा रंग. पहिला हात सुकल्यावर त्याने मला हाक मारली आणि आम्ही दोघं तिच्या नाकाकडे बघत उभे राहिलो. मला त्या दिवसाचा राग येतो. इतकं सुख कशाला दिलंस, असा राग. फेब्रुवारीत इंजिन सुरू झालं, बिल्डिंगभर धूर झाला, सेक्रेटरी बनियनवर धावत आले. फक्त ब्रेकच्या नळ्या बसवायच्या राहिल्या होत्या.

होळीच्या सुमारास नंदूच्या डाव्या पायातून चप्पल निसटायला लागली. चालता चालता मागे राहायची, तो दोन पावलं पुढे जाऊन परत यायचा. मी म्हटलं, नवीन चप्पल घे. नवीनही निसटली. मग पाऊलच घासत चाललं. एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे, पाठीचे फोटो, विजेच्या सुया टोचून केलेल्या तपासण्या. शेवटी पवईच्या एका डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, की स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरतायत, याला औषध नाही, आणि त्याच्या बाबतीत हे भराभर चाललंय. नंदूने फक्त एक विचारलं. "पुढे काय जाईल? उजवा पाय की हात?" डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. रिक्षात बसल्यावर तो मला म्हणाला, "डावा पाय म्हणजे क्लच गेला. क्लच हातावर घेऊ."

मला वाटलं, धक्क्याने बरळतोय. तो बरळत नव्हता.

इथे कांबळेंची ओळख करून दिली पाहिजे. कांबळे नंदूच्याच कारखान्यातले वेल्डर, आता भांडुपमध्ये एका गॅरेजमध्ये काम करायचे. दर रविवारी सकाळी डबा घेऊन यायचे आणि संध्याकाळपर्यंत शेडमध्ये राबायचे. नंदूच्या हातातली ताकद कमी होत गेली तशी ती कांबळेंच्या हातात गेली. नंदू स्टुलावर बसून कागदावर आकृत्या काढायचा, कांबळे त्या लोखंडात उतरवायचे. गिअरच्या दांड्यालाच त्यांनी एक लिव्हर जोडला. मुठीत दाबला की क्लच दबायचा. आषाढ त्यात गेला. लिव्हर जमला तोवर उजवा पाय जड झाला होता. मग ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हातावर आणायचं ठरलं. स्टिअरिंगखालून एक लोखंडी दांडा. पुढे ढकलला की ब्रेक, खाली दाबला की वेग. त्यासाठी गाडीच्या तळाला भोकं पाडावी लागली. चार वर्षं ज्या तळावर त्याने ओरखडा उठू दिला नव्हता त्याला ड्रिल लागताना मी बघत होते. नंदू म्हणाला, "बघतेस काय, माझ्या मापाची करतोय तिला."

गणपती आले आणि गेले. दांडा तयार होत आला, तसा उजव्या हाताचा अंगठा बोटांना मिळेना. कांबळेंनी दांड्याच्या टोकाला लाकडाचा मोठा गोळा बसवला, मुठीत न धरता तळव्यानेच ढकलता येईल असा. आजार एक पाऊल पुढे टाकायचा आणि आम्ही त्याच्या मागून पाना घेऊन धावायचो. आमचा रविवार आठवड्यातून एकदाच यायचा. त्याचे सातही वार कामाचे होते. मी गणिताची बाई. हे गणित कुठे जाणार ते मला दिसत होतं आणि तरी मी दर शनिवारी कांबळेंना फोन करून विचारायचे, "उद्या येताय ना?"

नवरात्रात मात्र उत्तर आलं असं वाटलं. खंडेनवमीच्या सकाळी नंदूला मी आणि वहिनींच्या मोठ्या जावयांनी उचलून गाडीत बसवलं. त्याने डाव्या मुठीत क्लच दाबला. सोडला. पुन्हा दाबला. उजव्या तळव्याने दांडा ढकलला. मी मोजत होते. वीस वेळा केलं त्याने. घामाने निथळला होता, पण हात ऐकत होते. "आज जमतंय, ताई," तो म्हणाला. "उद्या दसरा. उद्या हार घालून काढू." ब्रेकच्या दांड्याच्या मुळाशी गाडीचेच जुने दोन नट कायमचे आवळायचे बाकी होते, थोडं जुळवून घ्यायचं होतं. तेवढंच. मी आनंदाने आत गेले आणि पूजा मांडली.

ही पूजा आमच्याकडे बाबांची. गिरणीत खंडेनवमीला यंत्रं धुऊनपुसून झेंडूने मढवायचे आणि घरी बाबा आपले पाने पाटावर मांडायचे, मापाप्रमाणे ओळीने. हळदकुंकू, फूल, खोबऱ्याचा तुकडा. त्यानंतर दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना कोणी शिवायचं नाही. एकदा लहानपणी सायकलची चेन उतरली म्हणून नंदू पाटावरचा पाना घ्यायला गेला, तर बाबांनी त्याचा हात धरला होता. बाबा सहसा आमच्याशी शुद्ध बोलायचे, पण मनातलं काही असलं की मालवणी यायची. "आज तेंका हात लावूचो नाय, झिला. वर्षभर आमच्यासाठी झिजतत, एक दिस तेंका गप पडान रवांदेत." ते गेल्यानंतर ही पूजा एकही वर्ष चुकली नव्हती. मी चुकू दिली नव्हती. गाडी आल्यापासून तर जास्तच, कारण ती हत्यारं पुन्हा कामाला लागली होती.

कांबळे अकराच्या सुमारास आले. रविवार नव्हता, गॅरेजमधली पूजा उरकून सुट्टी झाली म्हणून आले. खांद्याला पिशवी.

"चला साहेब, तेवढं आवळून टाकू आणि मोकळे होऊ," ते म्हणाले. मग पाटाकडे बघून थांबले.

मी म्हटलं, "आता पूजा झाली. उद्या सकाळी आरती झाली की उचला."

"ताई, उद्या मी नाहीये ना. उद्या आमचा धम्मचक्र दिन. आज संध्याकाळच्या गाडीने सगळे नागपूरला चाललोय. तिकडून वर्ध्याला गावी. पाच दिवस तरी जातील." त्यांनी नंदूकडे पाहिलं. "वीस मिनिटांचं काम आहे. तुमचं तुम्हाला चालत नसेल, तर मी उचलतो. मला कुठे तुमचं बंधन आहे?"

"हत्यारं आमची आहेत, कांबळे."

"तसं नाही म्हणत मी..."

"दुसऱ्या पान्याने करा."

"दुसरा बसत नाही ना यार," नंदू हळूच म्हणाला. त्याचं बोलणं तेव्हा थोडं जड व्हायला लागलं होतं. "ॲडजस्टेबलने आवळला तर नटाचं डोकं गोल होईल. आणि ब्रेकचा नट आहे, ताई. तो मी तसा नाही आवळू देणार."

"मग पाच दिवसांनी आवळा. चार वर्षं थांबलात ना? बाबांनी एवढ्या वर्षांत एकदा तरी उचलली होती का?"

बाबांचं नाव काढलं की नंदू गप्प बसतो हे मला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. मी ते जाणून काढलं. तो पाटाकडे बघत राहिला. मला आजही ती त्याची नजर दिसते. हट्टाची नव्हती, हिशोब करणारी होती. मग म्हणाला, "राहू दे, कांबळे. तू जाऊन ये नागपूरला. आल्यावर बघू."

कांबळे उभ्या उभ्या चहा पिऊन गेले. मी त्यांना प्रवासासाठी पुरणपोळ्या बांधून दिल्या. आपण काही वाईट केलंय असं मला जराही वाटलं नाही. उलट, घराची रीत सांभाळली म्हणून मी खूश होते.

दसऱ्याला गाडीला हार घातला. चाकांखाली लिंबं ठेवायला गेले, तर नंदू म्हणाला, "चालणारच नाहीये तर लिंबं कशाला फुकट घालवतेस?" सरबत करून प्यायलो. दुसऱ्या दिवशी जेवताना त्याला ठसका लागला. मोठा लागला. रात्री ताप भरला, छातीत घुरघुर सुरू झाली. अन्नाचा कण फुप्फुसात गेला होता. चोवीस दिवस दवाखान्यात, त्यातले सहा श्वासाची नळी घालून. घरी आला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. त्याची बोटं चादरीवर उघडी पडलेली होती आणि ती मिटत नव्हती. डावी नाही, उजवी नाही.

डॉक्टर म्हणाले, हे होणारच होतं, पंधरा दिवस मागेपुढे. चांगले होते बिचारे, माझं समाधान करत होते. पण मला पंधरा दिवस नको होते. मला एक सकाळ हवी होती, आणि ती होती. माझ्या अंगणात येऊन उभी होती. मी तिला पाटाकडे बोट दाखवून परत पाठवलं.

लोक मला सांगतात, अशा रूढी सोडून द्याव्यात. सांगणं सोपं आहे. अंधश्रद्धा होती असं म्हटलं असतं तर मला सुटता आलं असतं. चूक रूढीच्या नावावर घालून मोकळी झाले असते. पण मला अजूनही वाटतं की बाबांचं म्हणणं बरोबर होतं. झिजणाऱ्या वस्तूला वर्षातून एक दिवस विसावा द्यावा. ज्या माणसाकडे दिवसच मोजके उरलेत त्याच्यासमोर ते म्हणायचं नसतं, एवढं साधं मला कळलं नाही. आता पाने ट्रंकेत आहेत. गेली दोन वर्षं मी ते पाटावर मांडलेले नाहीत. मांडले काय आणि न मांडले काय, त्यांना आता रोजच विसावा आहे.

नंदूने मला याबद्दल काही म्हटलं नाही. म्हणजे तोंडाने नाही. नोव्हेंबरात एका सकाळी त्याने कांबळेंना बोलवायला सांगितलं. कांबळे आले ते नवीन कल्पना घेऊनच. कोपराने चालेल असं काहीतरी करू, हनुवटीने चालेल असं करू, मोबाइलवर व्हिडिओ पाहिलेत. नंदूने ऐकून घेतलं. मग एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "काढ. सगळं काढ."

"काय काढू?"

"माझं जे जे. पहिल्यासारखी कर."

कांबळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "नंदू, राहू दे ना रे. कोणाला त्रास होतोय त्याचा?"

"गाडी तरी... धडधाकट राहू दे," तो म्हणाला. "मग विकू. कोणीतरी चालवेल."

तीन रविवार लागले. बिल्डिंगच्या खुर्चीवर उशा लावून आम्ही त्याला शेडच्या तोंडाशी बसवायचो. त्याच्या डोळ्यांदेखत क्लचचा लिव्हर निघाला, लाकडी गोळा निघाला, दांडा निघाला. कांबळेंनी तळाची भोकं वेल्डिंगने बुजवली, घासून सपाट केली, वर तोच हिरवा रंग दिला. बोट फिरवलं तरी कळू नये इतकं सफाईदार. पेडलं पुन्हा जागच्या जागी बसली. सगळं बाबांच्याच पान्यांनी. काढलेले भाग भंगारात दे, असं नंदूने मला सांगितलं. निदान तो गोळा ठेवते, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. त्या दिवशी नवमीला त्याने माझं ऐकलं होतं. या वेळी मी त्याचं ऐकलं. भंगारवाल्याने तो गोळा हातात फिरवून पाहिला आणि लाकूड नको म्हणून पायरीवर ठेवून गेला. तो मी दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या गाडीत टाकला.

विकण्याआधी एकदा रस्त्यावर काढून बघायला हवी होती. कांबळे चालवणार. मी नंदूला म्हटलं, तू शेजारी बस, आम्ही पट्ट्याने नीट बांधतो. त्याने मान हलवली. "शेजारी... नको. तू जा."

मी नाही म्हणत होते. खरंच नाही म्हणत होते. पण त्याने इतक्या वेळा "जा" म्हटलं, की मी रुमाल बांधला आणि बसले. वहिनी त्याच्याजवळ थांबल्या. फाटकातून बाहेर पडलो, हायवे ओलांडला आणि पुलावर चढलो. डिसेंबरची सकाळ होती. खाली ओहोटीची खाडी, चिखलावर रोहित पक्षी, आणि समोरून इतका वारा की डोळ्यांतून पाणी येत होतं. इंजिन गुरगुरत होतं. बाजूच्या बसमधले लोक वाकून बघत होते, एका बाईने मला हात केला. मीही केला. मला मजा आली. हे लिहायला मला लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू? साठी ओलांडल्यावर पहिल्यांदा मला इतकी मजा आली. ऐरोलीच्या टोकाला कांबळेंनी गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून लहान मुलासारखे रडले. मी तेव्हा रडले नाही. मला परत तो वारा हवा होता.

परत आलो तेव्हा नंदू तसाच फाटकाकडे तोंड करून बसला होता. "कशी?" त्याने विचारलं.

"बरी आहे," मी म्हटलं. "आवाज फार करते. हाडं खिळखिळी झाली."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. वाऱ्याने माझा रुमाल मानेवर घसरला होता, केस पिंजारले होते, गाल लाल झाले असतील. तो हसला. त्या वर्षातलं त्याचं ते शेवटचं हसू. मला त्याचा अर्थ नीट कळला आणि तो कळला नसता तर बरं झालं असतं.

घेणारा संक्रांतीनंतर मिळाला. वांद्र्याचा एक तिशीतला मुलगा, जुन्या गाड्यांचं वेड असलेला, बोलायला सभ्य. तोवर नंदूचं बोलणं पूर्ण थांबलं होतं. पापण्या तेवढ्या उरल्या होत्या. एकदा मिटल्या तर हो, दोनदा मिटल्या तर नाही, असं आम्ही ठरवलं होतं. त्याची कॉट मी शेडकडच्या खिडकीला लावली होती, त्यामुळे बाहेरचं सगळं त्याला ऐकू येत होतं. तो मुलगा गाडीखाली सरपटत गेला, टॉर्च मारून तळ बघितला, पेडलं दाबून बघितली. बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "झकास आहे, आँटी. एक विचारू? हिला कोणी मॉडिफाय वगैरे केलेलं का मधे? लोक काहीही जोडतात हो, वाट लावतात चांगल्या गाडीची."

"नाही," मी म्हटलं. "कोणी काही केलेलं नाही."

"वाटलंच. एकदम ओरिजिनल आहे." तो दरवाजा न उघडता, वरूनच पाय टाकून आत बसला. डावा पाय क्लचवर, उजवा ॲक्सिलरेटरवर, जसं काही त्यात विशेष नाही. फाटकाशी क्षणभर थांबला, मला हात केला आणि गेला. गल्लीच्या वळणापर्यंत आवाज येत होता, मग हायवेच्या आवाजात तो वेगळा ओळखता येईना.

मी आत आले. नंदू खिडकीकडे बघत होता. मी त्याच्या कॉटजवळ स्टूल ओढून बसले. इतके महिने जे विचारायची माझी छाती झाली नव्हती ते विचारलं. म्हटलं, "नंदू, नवमीला मी हत्यारं उचलू दिली नाहीत. चुकलं ना रे माझं?"

मला वाटलं होतं, तो दोनदा मिटेल. माझ्यासाठी मिटेल. आयुष्यभर माझं मन सांभाळत आला होता.

त्याने माझ्याकडे बघून पापण्या मिटल्या, उघडल्या आणि मग उघड्याच ठेवल्या.

 मी ओल्या पंच्याने त्याचं तोंड पुसलं आणि त्याचं दूध गाळायला उठले.